आत्याच्या चार वह्या

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय झोप यायची नाही. लांबणार आहे, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

आमच्या जुन्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर आज एकाने लिहिलं, "क्लासिक वगैरे काही नसतं. अभ्यासक्रमाच्या सलाइनवर जगवलेली पुस्तकं असतात ती. सलाइन काढा, दहा वर्षांत नाव उरणार नाही." लिहिणारा चांगला वाचणारा आहे, म्हणून जास्त लागलं. खाली भराभर अंगठे पडले. त्यात माझी माणसं होती. माझ्या कपाटातून पुस्तकं नेणारी, रात्री बाराला फोन करून "अगं, हे पान ऐक" म्हणणारी.

मी तिथे काहीच लिहिलं नाही. उठले आणि आत्याच्या वह्या काढल्या.

आत्या सातवीपर्यंत शिकलेली. वाचनालयाचं पुस्तक पंधरा दिवसांत परत करावं लागायचं आणि तिला लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' कायमचं हवं होतं. विकत घेणं शक्य नव्हतं, घरात तिच्या हातात पैसे कुणी देतच नसे. मग तिने ते उतरवून काढायला घेतलं. रात्री सगळी निजली की बसायची. पंधरा दिवसांनी पुस्तक परत करायचं, पुन्हा नावावर घ्यायचं, पुन्हा बसायचं. दोनशे पानी चार वह्या भरल्या. निळी शाई, मध्येच काळी, एका ठिकाणी आठ पानं नुसती पेन्सिलीने. चौथी वही अर्ध्या वाक्यात थांबते. मी लहानपणी विचारलं होतं, "आत्या, पुढचं का गं नाही लिहिलंस?" तर म्हणाली, "दुसऱ्या एका बाईला हवं होतं ते. तिला नाही कसं म्हणू?"

आता सांगा, हिला कुठला पेपर द्यायचा होता? कुठल्या प्राध्यापकाने हिला हे वाचायला लावलं होतं?

सलाइन म्हणे! ज्ञानेश्वरी 1290 सालची. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी एकनाथ बसले आणि हातोहात नकलताना त्यात घुसलेल्या चुका निवडून 1584 साली शुद्ध प्रत तयार केली. वर बजावलं, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजा. एवढा मोठा कवी, स्वतः हजारो ओव्या लिहिणारा, आणि दुसऱ्याच्या ग्रंथातला शब्दन् शब्द जागेवर राहावा म्हणून झिजला. त्या तीनशे वर्षांत तो ग्रंथ कुणी सांभाळला? त्यातल्या बहुतेकांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनी चुका केल्या असतील, पण उतरवत राहिले.

शेक्सपिअर 1616 साली गेला. तेव्हा त्याची निम्मी नाटकं छापलेलीच नव्हती. 'मॅकबेथ' नाही, 'टेम्पेस्ट' नाही, 'ज्युलियस सीझर' नाही. त्याच्याच नाटकमंडळीतल्या दोन नटांनी, हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांनी, सात वर्षांनी 36 नाटकांचा ग्रंथ काढला. त्यातली 18 तोवर कधीच छापली गेली नव्हती. हे काम करणारे नट होते, बरोबर काम केलेल्या माणसाचं काही मागे राहावं असं वाटणारे.

जुना संस्कृत नाटककार भास, त्याचं तर विचारूच नका. कालिदास आपल्या पहिल्या नाटकाच्या सुरुवातीला त्याचं नाव आदराने घेतो, आणि पुढे शतकानुशतकं पंडितांकडे जवळजवळ नावच उरतं. मग 1909 च्या सुमारास गणपती शास्त्री या संस्कृत पंडितांना केरळच्या बाजूला मल्याळम लिपीतली ताडपत्रं मिळतात आणि 1912 पासून तेरा नाटकं छापून येतात. ती सगळी भासाचीच का, यावर विद्वान अजून भांडतात, भांडोत. त्यातले अंक तिथले चाक्यार, म्हणजे पिढीजात संस्कृत नाटकं करणारे नट, पिढ्यान् पिढ्या रंगभूमीवर करत आले होते. पंडितांच्या यादीतून नाटक गेलं होतं, नटांच्या अंगात ते होतं.

हो, याद्या सत्ता असलेल्यांनीच केल्या. मान्य. त्यात बायका, बिनशिकलेली माणसं, खालची म्हणून लोटलेली माणसं फार कमी आली, हेही मान्य. किती उत्तम लिखाण कुणी उतरवून न घेतल्यामुळे गेलं असेल, या विचाराने मलाही वाईट वाटतं. पण म्हणून जे टिकलं ते यादीमुळे टिकलं असं कसं म्हणता? बहिणाबाईंचं नाव कुठल्या यादीत होतं? त्यांना लिहिता येत नव्हतं. काम करता करता गायच्या, घरातल्या पोरांनी ते टिपून ठेवलं, आणि 1951 साली त्या गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक आलं. उलटं बघा. साहित्याचं पहिलंच नोबेल 1901 साली सुली प्रुदोम या फ्रेंच कवीला मिळालं. टॉलस्टॉय तेव्हा जिवंत होते, पुढे नऊ वर्षं होते, त्यांना कधीच मिळालं नाही. आज तुमच्यापैकी किती जणांनी प्रुदोम वाचलाय? जगातला सगळ्यात मोठा शिक्का बसला होता ना त्याच्यावर?

थोडं पाणी पिऊन आले.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मी एकोणीस वर्षांची असताना मलाही 'स्मृतिचित्रे' रटाळ वाटलं होतं. साठ-सत्तर पानांवर सोडून दिलं. आत्याने विचारलं, "वाचलंस का गं?" मी तोंडावर "हो" म्हणाले. ती खूश झाली आणि म्हणाली, "मग कुठलं आवडलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने पुढे काही विचारलं नाही. तो क्षण आजही आठवला की आतून चिरल्यासारखं होतं. त्यामुळे ज्यांना जुनं पुस्तक कंटाळवाणं वाटतं त्यांच्यावर माझा राग नाही. अभ्यासक्रमाने पुस्तकं पुष्कळ मारलीही आहेत, पाच गुणांचं टिपा-लिहा करून. मित्रा, तेवढं तुझं खरं आहे.

पण मग आत्या गेली आणि वह्या माझ्याकडे आल्या. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. पहिल्यांदा नीट उघडल्या आणि दिसलं, की समासात तिने जागोजाग एकच शब्द लिहून ठेवलाय. "हो." अक्षर अगदी बारीक, कुणाला दिसू नये असं. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या वेडापायी घरादाराला धुऊन काढतात, तिथे "हो". नवरा शिकवायला बसतो आणि चिडून उठतो, तिथे "हो". मी त्या रात्री समासातले "हो" वाचत गेले आणि मग त्या शेजारचा मजकूर, असं उलटं वाचत गेले. पहाट झाली.

सगळ्या चार वह्यांत एकच "नाही" आहे. लक्ष्मीबाईंचे पती टिळक काही न सांगता घर सोडून निघून जातात आणि लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात, तिथे. आत्याच्या आयुष्यात काय झालं होतं ते मी इथे लिहिणार नाही. पण ते हसणं तिला मान्य नव्हतं. तिने पुस्तकाशी भांडण केलं, आणि तरीही पुढचं पान उतरवायला घेतलं.

मला वाटतं टिकण्याचं मर्म यातच कुठेतरी आहे. लक्ष्मीबाई रडगाणं गात नाहीत आणि नवऱ्याची वकिलीही करत नाहीत. घडलं ते सांगतात आणि आपल्याला काय वाटायला हवं ते आपल्यावर सोडतात. म्हणून 1934 साली पहिला भाग आलेल्या पुस्तकात माझ्या आत्याला स्वतःचं "नाही" लिहायला जागा सापडली. सगळं स्वतःच ठरवून टाकणारी पुस्तकं त्या त्या वर्षी खूप खपतात, पण त्यांच्या समासात लिहायला काही उरत नाही. आणि नुसती गोष्ट म्हणाल तर मॅकबेथची गोष्ट शेक्सपिअरच्या आधी होलिनशेड नावाच्या इंग्रज इतिहासकाराच्या ग्रंथात होतीच. ती आज कोण उघडतं? सारांश वाचून झालं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे, की तुम्ही "हो" कुठे लिहिलंत?

रशियन कवयित्री अख्मातोवाची 'रेक्विएम' ही कविता आठवते मला अशा वेळी. कागद सापडला तर तुरुंग, म्हणून ती ओळी चिठोऱ्यावर लिहायची, मैत्रीण वाचून पाठ करायची आणि कागद लगेच जाळून टाकायचा. वर्षानुवर्षं ती कविता मोजक्या माणसांच्या डोक्यात होती. 1963 साली ती देशाबाहेर छापली गेली, तिच्या स्वतःच्या देशात 1987 साली. त्या मैत्रिणींपैकी एखादीने घाबरून विसरायचं ठरवलं असतं तर तिला कोण दोष देणार होतं?

राग आता बराच उतरलाय. मित्रा, तू हे वाचशीलच. सकाळी फोन करणार होते, पण मी ओरडले असते. त्यापेक्षा रविवारी येते आणि आत्याची तिसरी वही तुला देते. त्यात ते "नाही" आहे, कुठल्या पानावर ते सांगणार नाही. सावकाश वाच. पेन्सिलीची पानं फिकट झालीत, दिव्याखाली धरावी लागतात. आणि महिन्याभरात परत दे, माझ्या भाचीने मागितली आहे.