दोन सेकंद लेट

नणंदेच्या लग्नाचं शूटिंग टीव्हीवर लावायचं होतं. बस, एवढंच काम. दिराने मोबाइलवर घेतलेली ४२ मिनिटांची फाइल पेनड्राइव्हवर टाकली, तर सासऱ्यांचा जुना टीव्ही 'फॉरमॅट नॉट सपोर्टेड' म्हणून मोकळा झाला. "हिला येतं ते," नवरा म्हणाला. मी बँकेत फायली बघते, पण त्या कागदाच्या. आमच्याकडे एखादी गोष्ट 'हिला येते' ठरली की ती जन्माची माझ्या नावावर चढते. उकडीचे मोदक असेच चढले.

फाइलचा फॉरमॅट बदलणारा फुकटातला एक कन्व्हर्टर उतरवला, फाइल बदलली आणि रविवारी सगळ्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, नणंदेने हारसुद्धा उचलला, आणि मग भटजी गरजले, "सावधान!" हा शब्द ऐकून समर्थ बोहल्यावरून पळाले म्हणतात. या फाइलमध्ये त्यांचंही लग्न लागून गेलं असतं.

सगळे हसले. शेजारचे काका हसले नाहीत. काका मध्य रेल्वेत गार्ड होते. २०२२ पासून त्या पदाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण ते नाव त्यांच्यासमोर काढायचं नसतं. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये दूधवाला, पाणी, कोणाची सून किती वाजता घरी येते, सगळ्याची नोंद त्यांच्याकडे. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं.

"मागे घे. हां, सोड आता. दोन सेकंद लेट."

"दिसतंय, काका."

"सुटतानाच लेट आहे, की वाटेत लेट झाली?"

"कोण?"

"गाडी गं! कल्याणहूनच दोन मिनिटं उशिरा सुटली तर दादरलाही दोनच मिनिटं लेट. तिचं काही वाटत नाही. पण ठाण्याला एक, कुर्ल्याला दोन, दादरला चार असं होत असेल, तर मोटरमनचं घड्याळ वेगळं आणि गार्डचं वेगळं! असं चालतं का?"

"नाही चालत, काका."

"मग?"

मी उत्तर न देता व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'जे'चं बटण दाबत राहिले. एकदा दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे सरकतो. चाळीसदा दाबल्यावर 'सावधान' अक्षतांवर येऊन बसलं. "एकोणचाळीस," काका म्हणाले. मी चाळीस म्हटलं. सासूबाईंनी चहा टाकला, सासरे काकांच्या बाजूने गेले. मग शेवटचा आहेर लावून बघितला, तर पाकीट मामांच्या हातातून सुटून आत्याच्या पर्सपर्यंत पोचलं तरी मामांचं "हे घ्या" यायचंच होतं. दादरला चार!

राग याचाच येतो की काका बरोबर होते. मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो ते चांगला उजेड असला तर. हॉलवाल्याने मंद दिवे लावले की तो कमी घेतो. आवाज मात्र पुऱ्या वेळेचा. कन्व्हर्टरने सरसकट ३० धरून ती कमी चित्रं पळवली, म्हणून चित्र पुढे, आवाज मागे, आणि अंतर वाढतच जाणार. 'जे' कितीही दाबा. मूळ फाइल पुन्हा घेतली, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडलं, म्हणजे जिथे चित्र कमी तिथे आधीचंच पुन्हा लावलं जातं. रात्रीचा दीड वाजला. त्या सॉफ्टवेअरचं नाव हँडब्रेक. काकांना मी ते अजून कळू दिलेलं नाही.

ज्याने शूटिंग केलं त्या दिराला त्या रात्री कोणी उठवलं नाही. सकाळी सहा सत्तावीसची लोकल त्याला नाही, मला पकडायची असते.

पुढच्या रविवारी टीव्हीवर लावलं. 'सावधान' आणि अक्षता एकाच क्षणी. "राइट टाइम!" काका ओरडले आणि तोंडाने दोन बेल दिल्या, टिंग टिंग. सासूबाई प्रत्येक पाहुण्याला सांगत होत्या, "यांनीच शोधून काढलं हो!" काका मान खाली घालून लाजत होते. हात जोडून नाही म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात आत्या म्हणाली, "अगं, तो आवाज बंद कर आधी. कोण काय बोलतंय ऐकूच येत नाही."

रिमोट माझ्याच हातात होता. हिला येतं ना.