त्या कागदांचं पुढं काय होतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

बाई, नमस्कार.

शिक्षिका आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून बाई म्हणतो. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल सकाळी पुन्हा वाचली. राग आहे तिच्यात, आणि तो बराचसा रास्त आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. शाळकरी मुलांच्या निबंध, कथा आणि चित्रकला स्पर्धांत पहिला-दुसरा-तिसरा असे नंबर काढू नयेत, आणि घरच्या बोलीत लिहिलं म्हणून मुलाचे गुण कापू नयेत, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. बाई कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मराठी शाळेत शिकवतात. त्यांचं म्हणणं असं: "आमच्या शाळेत २२ मुलं. वर्षातून एकदा स्पर्धेला बेळगावला न्यायचं तर पालक टेम्पोचं भाडं काढतात, ते पोराचा नंबर येईल या आशेवर. नंबरच काढून टाकलात तर कोण येणार? बक्षिसानं मुलांची आवड मरते हे तुम्ही कशावरून म्हणता? आणि अशुद्ध मराठीला बक्षीस देऊन आमच्या पोरांचं भलं करताय की वाटोळं? उद्या ती पुण्याला गेली की त्यांच्या बोलण्याला लोक हसणार. बेळगाव हे १९४६ च्या साहित्य संमेलनाचं गाव आहे, इथं तरी प्रमाण मराठीचा आग्रह नको का?"

टेम्पोचं भाडं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी बेळगावातल्या वडगावात राहतो, बहुतेक स्पर्धा माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतात. कणकुंबी-जांबोटीकडून पोरं आणायची म्हणजे पहाटे उठवणं, डबे बांधणं, वाटेत कुणाला उलटी होणं आणि आईबापाची एक दिवसाची मजुरी बुडणं. त्या दिवसाचं काहीतरी हातात पडावं ही अपेक्षा चुकीची नाही. माझा लेख तिथं तोकडा पडला. त्यावर खाली पुन्हा येतो.

बक्षिसाबद्दल मी कशावरून म्हणतो ते सांगतो. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली, चित्र काढायची मुळातच आवड असलेली ५१ मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता, चित्रं झाल्यावर तेच प्रमाणपत्र दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती मांडून ठेवली आणि कोण किती वेळ चित्रं काढतंय ते पाहिलं. बक्षीस कबूल करून ज्यांच्याकडून चित्रं काढून घेतली होती, ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र कमी झाला नव्हता. पुढं १९८२ साली टेरेसा अमाबिले यांनी ७ ते ११ वर्षांच्या मुलींना रंगीत कागद चिकटवून चित्रं करायला दिली. एका गटात ज्यांची चित्रं चांगली त्यांना बक्षीस, दुसऱ्या गटात बक्षिसं चिठ्ठ्या टाकून. कलाकारांकडून चित्रं तपासून घेतली तेव्हा चुरशीच्या गटातली चित्रं कल्पकतेत खाली उतरली.

दोन्ही प्रयोग छोटे आहेत, आणि मुलं तिकडची. ज्या मुलाच्या हाताशी रोज रंग असतात त्याच्यावरून, वर्षातून एकदा रंगपेटी उघडणाऱ्या आपल्या पोराबद्दल सगळं ठरवता येत नाही. तरी मी ते मनावर घेतो, कारण कागदांवर मी हेच पाहिलंय.

काही वर्षांपूर्वी एका निबंध स्पर्धेला परीक्षक होतो. विषय ‘पावसाळा’, कागद १२०. त्यांतल्या अकरा कागदांत ‘धरणीमाता हिरवा शालू नेसून नटते’ हे वाक्य जसंच्या तसं होतं. मुलं वेगवेगळ्या शाळांतली, गाइड एकच. ही मुलं ज्या शिवारातून चालत येतात तिथं मे महिन्यात धूळवाफ पेरणी होते, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, मग पावसाची वाट बघणं, मग भाताची रोपं, रताळ्याचे वेल, चिखलात रुतलेली चप्पल. यातलं काही कागदावर नव्हतं. नंबर शालूला मिळतो हे मुलांना कळलेलं होतं, आणि ते आपणच कळवलेलं होतं.

त्या गठ्ठ्यात पाचवीतल्या एका मुलाचा कागद होता. आठवतं तसं लिहितो: "पाऊस आला की आमच्या घरात तीन जागी गळतंय. बाबा पत्र्यावर प्लास्टिक घालूलाल्यात, आज्जी खाली भांडी मांडूलालीय. कुठल्या भांड्यात पाणी पडूलालंय ते मी डोळे झाकून सांगतो. पातेल्याचा आवाज जाड हाय, तांब्याचा बारीक. तांब्या लवकर भरतोय, म्हणून रात्री मी तांब्यापाशी झोपतो."

त्याला भाषेसाठी दहापैकी तीन गुण मिळाले. मी थोडा वाद घातला आणि मग गप्प बसलो. ते गप्प बसणं मला आजही सलतं. बक्षिसं वाटून झाल्यावर तो मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, माझा कागद कुठं हाय? आज्जीला वाचून दाखवायचा होता." नंबराबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही. मी आयोजकांकडे चौकशी केली तर गठ्ठा रद्दीत गेला होता.

आता भाषेचं. बाई, प्रमाण मराठी हवीच. मी तीस वर्षं हायस्कुलात तीच शिकवली. पण ‘घालूलाल्यात’ ही चूक कशी? येऊलालाय, जाऊलालीय, करूलालोय: ही रूपं पक्क्या नियमानं होतात आणि तो मुलगा त्यांत एकदाही अडखळला नव्हता. ‘परिक्षा’ किंवा ‘आशिर्वाद’ लिहिणं ही चूक आहे. ती शेजारी पेन्सिलीनं दुरुस्त करून दाखवावी, मूल शिकतं. घरात आज्जी जे बोलते तेच लिहिलं म्हणून गुण कापले तर मुलाला एवढंच समजतं की घरातलं कागदावर आणायचं नसतं. मग ते शालूकडे वळतं. एखादा कन्नड शब्द आला तरी माझी हरकत नाही. ही पोरं शाळेत कन्नड शिकतात, बाजारात बोलतात, तो शब्द त्यांच्या तोंडातलाच आहे.

हसण्याचं तुम्ही लिहिलंत ते मी भोगलंय. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा ‘पण’ म्हणायच्या जागी माझ्या तोंडून ‘खरं’ निघायचं. वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. मात्र ते हसणं मला विसाव्या वर्षी परक्या गावात भेटलं. आपल्या स्पर्धांत ते मुलाला दहाव्या वर्षी भेटतं, आपल्याच माणसाच्या लाल पेनातून. १९२९ ला शि. म. परांजपे, १९४६ ला माडखोलकर, २००० ला य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली अशी तीन अखिल भारतीय साहित्य संमेलनं बेळगावात झाली. १९४६ ला संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथंच झाला, याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. म्हणूनच इथल्या मुलाचं इथलं मराठी आपल्याच मंडपात कमी लेखलं जाऊ नये असं वाटतं.

नंबर सगळीकडेच वाईट, असं मात्र माझं म्हणणं नाही. प्रतिभा कारंजी या कर्नाटकातल्या शालेय स्पर्धेत तुमची मुलं कंठपाठ करतात, क्लस्टरवरून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातून, तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जातात. पाठांतरात कोण अडखळलं, कुणाचा उच्चार स्वच्छ, हे समोर बसलेल्या सगळ्यांना ऐकू येतं. तिथं नंबर काढता येतो. गळक्या घराचा निबंध पहिला की मामाच्या गावाचा, हे कोणत्या मापानं ठरवायचं?

चित्रकलेची गत याहून वाईट आहे. छापील कार्टून वाटायचं आणि रंग रेषेबाहेर गेला की गुण कापायचे, याला आपण चित्रकला स्पर्धा म्हणतो. के. बी. कुलकर्णींनी ज्या गावात चित्रकार घडवले, चित्रकार रवी परांजपे ज्यांच्याकडे शिकले, त्या गावात हे चालतं याचं मला दुःख होतं. ‘घरून काढून आणा’ म्हटलं की चित्र ताईचं, नाहीतर क्लासच्या सरांचं. सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजची मुलं चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसतात, तिथं स्मरणचित्र असतं. विषय समोर येतो, मूल हॉलमध्ये बसून डोक्यातलं काढतं, आणि शेवटी श्रेणी मिळते. ‘अ’ श्रेणी एकालाच असं बंधन नाही.

तुमच्या टेम्पोवर मला सुचलेला उपाय हाच आहे. श्रेणी द्या, प्रमाणपत्र द्या, त्यावर मुलाचं आणि शाळेचं नाव ठळक लिहा. तुमच्या २२ पैकी १२ मुलांना ‘अ’ मिळाली तर बारा घरांत आनंद पोचेल. आणि प्रत्येक कागद परीक्षकानं खाली दोन ओळी लिहून मुलाला परत द्यावा, ही माझी खरी मागणी आहे. मागच्या लेखात नंबरांवरच एवढा भर दिला की ही गोष्ट राहूनच गेली. वेळ नाही असं आयोजक म्हणतात. एका कागदाला पाच मिनिटं धरली तर १२० कागदांना दहा तास. तिघांत वाटले तर साडेतीन तासही लागत नाहीत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथं गावोगाव संमेलनं भरतात. मी गेलो त्या ठिकाणी ग्रंथदिंडीत पुढं असलेली पोरं नंतर मंडपात मागं बसलेली पाहिलीत. त्यांतल्या पाच जणांनी आपला कागद माईकवर वाचला तर पाहुण्यांना थोडं थांबावं लागेल, एवढंच.

बाई, एक विनंती आहे. सुगी आटोपली की तुमच्या मुलांकडून एकेक पान लिहून घ्या. विषय तुम्ही ठरवा. मला ‘आमच्या घरातला आवाज’ सुचतो. गाइड बंद, वेळ पाऊण तास, ज्याला लिहायचं नसेल त्यानं चित्र काढावं. टेम्पो नको, कागद न्यायला मी खानापूरला येतो. प्रत्येकाखाली चार ओळी लिहून आठवड्याच्या आत परत आणून देईन. मी जिथं बोलीला हात लावला नाही तिथं लावायला हवा होता असं तुम्हाला वाटलं, तर तेच कागद समोर ठेवून बोलू. कोणत्या शनिवारी येऊ ते कळवा.