पोचे आलेली घागर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

नववीला समकालीन कला शिकवण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर कळवलंत. एकतीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाला वाईट वाटलं, असं म्हणालात. अजिंठ्याच्या मराठवाड्यात लेकरांना परदेशी मुतारी दाखवायची, भंगार मांडायला लावायचं. ज्याला तांब्याचं तोंड नीट गोल काढता येत नाही त्याला ही थेरं कशाला? आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेच्या ग्रेडचे दहावीला मिळणारे वाढीव गुण बुडाले, तर भरून कोण देणार?

गुणांची काळजी रास्त आहे. आमची मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हीला बसतात. परीक्षा होईपर्यंत वर्गात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन एवढंच चालतं. मी लिहिलं ते त्यानंतरच्या महिन्यांबद्दल. हे लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

तांब्याबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचंय. परीक्षेचा तांब्या मुलं पाठ करतात. उजेड डावीकडून, छाया उजवीकडे, खाली एक सावली. समोरचं भांडं पितळी असो की स्टीलचं, कागदावर तोच तांब्या उतरतो. मान वर करून बघायची गरजच उरत नाही. तुमच्याही वर्गात हे झालं असणार.

जानेवारीत मी मुलांना सुबोध गुप्तांचं काम दाखवलं. बिहारमधल्या खगौलचे, पाटण्यात चित्रकला शिकलेले. 2006 मध्ये त्यांनी रोजच्या वापरातली स्टीलची भांडी जोडून माणसाची प्रचंड कवटी उभी केली. मुलांना म्हटलं, आपल्या गावाचं काही सांगेल असं एक भांडं घरून आणा. बावीस मुलांपैकी चौदा जणांनी घागरी आणल्या. आमचा लातूर जिल्हा आहे, सर. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ही मुलं अंगणवाडीच्या वयाची होती.

मी काही न सांगता त्यांनी घागरी पटांगणात टँकरच्या रांगेसारख्या लावल्या. मध्ये एके ठिकाणी घागर नव्हती, नुसता धोंडा होता. विचारलं तर एक पोरगा म्हणाला, "तिची घागर नाही आली सर, पण नंबर तिचाच हाय." मी बराच वेळ त्या धोंड्याजवळ उभा होतो.

मग ती रांग चितारायला सांगितली. एका मुलीच्या घागरीला टँकरच्या रेटारेटीत पोचा आलेला. ती म्हणाली, "सर, इथं गोल मोडायलाय. चूक दिसंल का?" तिनं चार वेळा खोडलं. पोच्याच्या वरच्या कडेखाली अंधार आणि खालच्या काठावर उजेडाची बारीक रेघ असते, हे तिला तिचंच दिसलं. मधल्या सुट्टीतही ती उठली नाही. गोल कुठे मोडतोय हे दाखवायला आधी अख्खा गोल डोळ्यांपुढे धरावा लागतो. मध्यरेषा आखून आखून दोन वर्षांत मला जे जमलं नाही, ते त्या पोच्यानं केलं.

मुतारीचं म्हणाल तर हो, दाखवली. 1917 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाचा नियम होता की फी भरेल त्याचं काम लागेल. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकारानं दुकानातून आणलेली मुतारी टोपणनावानं सही करून पाठवली, आणि आयोजकांनी ती मांडलीच नाही. 'नियम मोडला कुणी?' यावर आमचा अख्खा तास गेला. एरवी एक शब्द न बोलणारी मुलं त्या दिवशी हात वर करून थांबली होती.

आणि अजिंठा. लेणी क्रमांक 1, पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र, एवढं मीही वर्षानुवर्षं पाठ करून घेतलं. यंदा शीला गौडांचं सांगितलं: चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या या बाईंनी 1990 च्या दशकात शेण हेच माध्यम म्हणून हाताळायला सुरुवात केली. मग ओघात सांगितलं की अजिंठ्याची चित्रंही माती-भुशाच्या गिलाव्यावर आहेत. घरी आईसोबत सारवणाऱ्या एका मुलीनं लगेच विचारलं, "त्या भिंती लिंपल्या कुणी, सर?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मलाही पडला नव्हता.

तुमच्याकडे एक मागणं आहे. पोचे आलेल्या धातूवर शेजारच्या वस्तूचं प्रतिबिंब वाकडं होऊन पडतं, ते पेन्सिलीत कसं उतरवायचं हे मला नीट शिकवता येत नाही. वस्तुचित्रात तुमचा हात मुरलेला आहे. एखाद्या शनिवारी सकाळच्या शाळेला याल का? घागरी अजून वर्गातच आहेत.