राउटरची दोन नावं केल्याने नेट वेगवान होत नाही

"नवा राउटर लावला की आधी स्मार्ट कनेक्ट बंद करा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला वेगळी नावं द्या. वेग दुप्पट होतो, फोन चुकीच्या बँडवर अडकत नाही, राउटरवरचा ताण विभागला जातो, स्मार्ट उपकरणं वेगळ्या नेटवर्कवर राहिल्याने सुरक्षा वाढते. जमलं तर २.४ बंदच करा, ते जुनं झालं." अशा आशयाचा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर आणि व्हिडिओंमधून सतत फिरत असतो. (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वायफायच्या लहरींचे दोन पट्टे, म्हणजे बँड. दोन्ही एकाच नावाखाली चालवणारी राउटरमधली सोय म्हणजे स्मार्ट कनेक्ट.) सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तो पाळल्यावर आतल्या खोलीत कॉल तुटायला लागतात, आणि लोक इंटरनेट कंपनीकडे तक्रारी करत बसतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

"वेग दुप्पट होतो."

नाव बदललं म्हणून रेडिओ बदलत नाही. राउटरच्या शेजारी बसलात तर ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, यात वाद नाही. वायफाय ५ चा (ही वायफायची पिढी, बँड नव्हे), दोन अँटेना असलेला फोन ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर, म्हणजे बँडमधल्या एका तुकड्यावर, ८६६ एमबीपीएसने जोडला जातो, २.४ वर वायफाय ४ ने, २० मेगाहर्ट्झमध्ये, तोच आकडा १४४ असतो. प्रत्यक्ष हाती येणारा वेग दोन्हीकडे याहून बराच कमी, पण फरक मोठा आहेच. मुद्दा असा की राउटरजवळचा फोन एकच नाव असतानाही बहुतेक वेळा ५ वरच असतो. खात्री करायची तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. बऱ्याच राउटरमध्ये प्रत्येकासमोर बँड लिहिलेला असतो. तिथे आधीच ५ दिसत असेल तर दुप्पट व्हायला उरलंच काय?

अंतर वाढलं की चित्र उलटतं. मधे एकही भिंत नसली तरी, तेवढीच ताकद आणि तशाच अँटेना धरल्या तर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा सुमारे ७ डेसिबलने कमी पोचतो, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. काँक्रीटच्या भिंती त्यात आणखी भर घालतात. दोन भिंतींपलीकडे ५ ला चिकटून बसलेला फोन २.४ वरच्या फोनपेक्षा मागे पडू शकतो.

वेग खरंच वाढवायचा असेल तर नावाला हात न लावता दोन सेटिंग बघा. २.४ च्या पट्ट्यात सगळी मिळून ८३.५ मेगाहर्ट्झ जागा आहे. तिथे चॅनलची रुंदी २० ठेवा आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. शेजारचा राउटर ६ वर आणि तुमचा ८ वर असेल तर दोघं एकमेकांसाठी निव्वळ गोंगाट होतात. दोघं ६ वरच असतील तर निदान एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि नेमकं तेच त्या मेसेजमध्ये नसतं.

"फोन चुकीच्या बँडवर अडकत नाही."

या मुद्द्यावर थांबायला हवं, कारण खरं नुकसान इथे होतं. कोणत्या बँडवर जायचं हा निर्णय शेवटी फोन घेतो. राउटर फार तर सुचवतो: २.४ वर उत्तर द्यायला थोडा उशीर करतो, किंवा "तिकडे जा" असा निरोप पाठवतो. नाव एकच असेल तर फोनच्या दृष्टीने ते एकच नेटवर्क असतं, दारं दोन. सिग्नल खालावला की तो दुसऱ्या दाराचा शोध घेतो. आयफोन हा शोध उणे ७० डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्यापासून जितकं दूर तितका सिग्नल कमजोर) आसपास सुरू करतो, हे अ‍ॅपलने जाहीरपणे लिहून ठेवलं आहे. सगळ्या बँडना एकच नाव द्या, हा सल्लाही अ‍ॅपलचाच आहे.

आता नावं वेगळी करा, 'घर' आणि 'घर_५जी', आणि हॉलमध्ये 'घर_५जी' वर व्हिडिओ कॉल सुरू करून आतल्या खोलीकडे चाला. पहिल्या भिंतीमागे चित्र थोडं धूसर होतं. दुसऱ्या भिंतीमागे आवाज तुटतो. 'घर' शेजारीच भरपूर ताकदीने चालू आहे, पण फोनसाठी ते वेगळंच नेटवर्क आहे, म्हणून तो जुन्यालाच धरून राहतो. शेवटी अगदीच असह्य झालं की सोडतो, नव्याने पासवर्डची पडताळणी करून घेतो, नव्याने आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आपला ठिकाणा) मागतो.

आणि तो पत्ता बहुधा वेगळा मिळतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता (ज्यावरून राउटर उपकरण ओळखतो तो क्रमांक) वापरतात. त्यामुळे तुमचा एकच फोन राउटरला दोन निराळी उपकरणं वाटतो. पत्ता बदलला की चालू कॉलची जोडणी तुटते आणि अ‍ॅपला ती पुन्हा उभी करावी लागते. मुलांच्या फोनसाठी राउटरवर लावलेली वेळेची मर्यादा दुसऱ्या नावावर गेल्यावर लागूच होत नाही, तेही याच कारणाने. एकाच नावात बँड बदलताना मॅकही तोच राहतो आणि आयपीही, खोळंबा क्षणभराचा असतो.

म्हणजे नावं वेगळी केल्याने अडकणं संपत नाही, त्याची देखरेख माणसाच्या गळ्यात पडते. घरातल्या वयस्क माणसाने खोली बदलताना दर वेळी सेटिंगमध्ये जाऊन नाव निवडावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणखी एक गोष्ट या सल्ल्यात कधीच नसते. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनल बहुतेक देशांत रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे राउटरला रडारचा सिग्नल ऐकू आला, किंवा आल्यासारखा वाटला, तर चॅनल लगेच सोडावा लागतो. त्याच गटातल्या नव्या चॅनलवर बोलण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत राहावं लागतं. एवढा वेळ ५ गिगाहर्ट्झ गायब होऊ शकतं. नाव एकच असेल तर फोन २.४ वर उतरतो आणि तुम्हाला फारसं कळतही नाही. फक्त 'घर_५जी' साठवलेला फोन मात्र तेवढा वेळ नेटशिवाय राहतो.

"राउटरवरचा ताण विभागला जातो."

दोन रेडिओ दोन्ही स्थितींत चालूच असतात. प्रत्येक रेडिओ आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा जाहीर करतो, मग नावं सारखी असोत वा वेगळी. नाव वेगळं केल्याने त्यात ना भर पडते ना घट.

"स्मार्ट उपकरणं वेगळी राहतात, सुरक्षा वाढते."

हा समज धोकादायक आहे. साध्या राउटरवर २.४ आणि ५ ही दोन्ही नावं आत एकाच स्थानिक नेटवर्कला जोडलेली असतात. 'घर' वरचा स्वस्तातला कॅमेरा 'घर_५जी' वरच्या लॅपटॉपपर्यंत सहज पोचू शकतो, आणि 'घर_५जी' वरून 'घर' वरच्या प्रिंटरवर छापता येतं तेही म्हणूनच. वेगळेपणा हवा असेल तर गेस्ट नेटवर्क (राउटरमधलं पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) सुरू करा आणि त्यातला स्थानिक नेटवर्कमध्ये शिरू देण्याचा पर्याय बंद ठेवा. त्याचा बँडशी काही संबंध नाही.

"२.४ बंद करा, जुनं झालं."

करू नका. स्मार्ट बल्ब, प्लग, दाराच्या बेल, अनेक प्रिंटर यांच्यात बहुतेकदा २.४ शिवाय दुसरा वायफाय रेडिओच नसतो. शिवाय वायफाय ६ आणि ७ दोन्ही २.४ वरही चालतात, त्यामुळे 'जुनं' हा शब्दही बरोबर नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात गोंगाट करतात हे खरं. तरीही दूरच्या खोलीत गोंगाटातलं नेट नसलेल्या नेटपेक्षा बरंच.

जाता जाता: नावामागचं '५जी' म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलच्या ५जीशी त्याचं नातं नाही, त्यामुळे घरात मोबाइल टॉवर आल्याची भीतीही नको.

मग नावं वेगळी करणं नेहमीच चूक का? नाही. नवा बल्ब जोडताना अ‍ॅप फोन ज्या वायफायवर आहे त्याचीच माहिती बल्बकडे पाठवतं, आणि फोन ५ वर असेल तर काही बल्ब तिथेच गोंधळतात. अशा वेळी ५ गिगाहर्ट्झ काही मिनिटं बंद करा, बल्ब जोडा, पुन्हा चालू करा. नाव आणि पासवर्ड तेच राहिले की बल्ब आपलं २.४ स्वतः शोधतो. ज्या जुन्या राउटरचं बँड निवडणं खरोखर बिघडलेलं आहे, शेजारी ठेवलेला टीव्हीही २.४ वर ढकलतो, तिथे वेगळी नावं ठेवून जागेवरून न हलणारी उपकरणं ५ वर बांधून टाकणं योग्यच आहे. पण अशा टीव्हीला केबल लावता येत असेल तर आधी केबल लावा.