उंदराची चरबी आणि मावशीची गोळी

परवा परळला मावशीकडे गेले, तर तिच्या गोळ्यांच्या पाकिटात हिशेबापेक्षा दोन गोळ्या कमी. सारखी लघवीला घाई होते म्हणून डॉक्टरांनी तिला मिराबेग्रॉन दिलंय, रोज एक. "अगं, त्याने वजनही उतरतं म्हणे," म्हणत तिने फोन हातभर लांब धरून मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला. उंदरांवर सिद्ध झालंय म्हणे: तूप-लोणी भरपूर खाल्लं की तपकिरी चरबीचे (म्हणजे अंगात उष्णता तयार करणाऱ्या चरबीचे) रिसेप्टर, पेशींवरचे स्विच म्हणा, उघडतात आणि पोट वितळतं. जोडीला बर्फाच्या पाण्याने अंघोळ. मिराबेग्रॉन चालू असेल तर डबल घ्या, तेच रिसेप्टर चालू होतात!

आधी गोळीचं बोलते. बाकीचा नुसता मूर्खपणा आहे, हा जिवाशी खेळ आहे. रिसेप्टर खरा आहे, बीटा-३. तो मूत्राशयाच्या स्नायूवर असतो म्हणून गोळीने घाई कमी होते, आणि तपकिरी चरबीतही असतो. २०१५ साली अमेरिकेत १२ निरोगी तरुण पुरुषांना २०० मिलिग्रॅम देऊन स्कॅन काढले. तपकिरी चरबी पेटली, दिवसाला साधारण २०० कॅलरी जादा जळतील इतकी. म्हणजे एक वडापावसुद्धा पुरता नाही. मेसेजवाल्याने इथवरच वाचलं असावं. २०० म्हणजे ५०च्या चार गोळ्या, आणि त्या धडधाकट पोरांचीही नाडी आणि बीपी वाढलं. मावशी अडुसष्टची, बीपीची गोळी वेगळी चालू. या औषधाने बीपी चढू शकतं, हे पाकिटातल्या चिठ्ठीत छापलेलं असतं. दोन दिवस डबल घेऊन बाई म्हणत होत्या, "धडधडतंय जरा, उन्हाने असेल."

तुपाचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. रॉथवेल आणि स्टॉक यांनी १९७९ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की चमचमीत खाऊन सुटलेल्या उंदरांची तपकिरी चरबी वाढते आणि जादा खाल्लेल्यातलं बरंच उष्णता होऊन जातं. पण ते उंदीर बारीक झाले नाहीत हो! साधं खाणाऱ्यांपेक्षा जाडच झाले, फक्त खाल्ल्याच्या मानाने कमी. पुढे तर असंही दिसलं की तेच तेलकट खाणं 'ए/जे' वाणाच्या उंदरांना फारसं बाधत नाही आणि 'ब्लॅक सिक्स' वाणाचे टम्म फुगतात. जन्मतः लठ्ठ उंदरांच्या चरबीत हे रिसेप्टर उलट कमीच सापडले. उंदराउंदरांतच जिथे पटत नाही, तिथे मावशीने कुठल्या वाणाचं व्हायचं?

शिवाय प्रयोगशाळेत साधारण २०-२२ अंश असतात आणि उंदराला निवांत वाटतं ते ३०च्या आसपास. बिचारा कायम कुडकुडत असतो, त्यामुळे त्याची शेगडी आधीच पेटलेली. मावशीच्या खोलीत पंखा पाचवर असतो.

मोठ्या माणसांतही तपकिरी चरबी असते, हे २००९ पासून पक्कं झालंय. असते, मानेपाशी, थोडीशी. बस.

राहिली बर्फाची अंघोळ. मावशीच्या चाळीत पहाटे पाऊण तास पाणी येतं, तेवढ्यात भांडी, धुणं आणि पिंप भरायचं असतं. बर्फ कोण आणणार, ते मेसेजवाल्यानेच सांगावं.