2520 : ‘अशक्य’ आकडा आणि शाळेतला लसावि

‘2520 हा जगातला सर्वांत विचित्र आकडा. 1 ते 10 पर्यंत प्रत्येकाने त्याला भाग जातो, असा दुसरा आकडाच नाही. रामानुजन यांनी तो शोधला आणि जगभरचे गणिती चक्रावले. गुपित : आठवड्याचे 7 वार × महिन्याचे 30 दिवस × वर्षाचे 12 महिने.’ आमच्या घरच्या ग्रुपवर हे वर्षातून दोनदा तरी येतंच, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

भाग जातो, हे खरं. बाकीचं बघू.

‘दुसरा आकडाच नाही.’ दुप्पट करा : 5040. त्यालाही 1 ते 10 ने नि:शेष भाग जातो. तिप्पट 7560, चौपट 10080. एक लाखाच्या आत अशा 39 संख्या आहेत, आणि पुढे त्यांना अंत नाही. 2520 ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजेच 1 ते 10 चा लसावि. तो काढायला पाकिटाची मागची बाजू पुरते : 8 × 9 × 5 × 7. आठाच्या पोटात 2 आणि 4 आले, नवाच्या पोटात 3. 6 आणि 10 आपसूक सुटले.

‘रामानुजन यांनी शोधला.’ लसावि काढायची रीत युक्लिडने सुमारे 2300 वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. आपल्याकडे महावीराचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, तिला ‘निरुद्ध’ म्हटलं. आणि प्लेटो तर युक्लिडच्याही आधीचा. त्याने आदर्श नगरात 5040 कुटुंबं असावीत असं सुचवलं. कारण? जमीन वाटा, सैन्य वाटा, 1 ते 10 पैकी कितीही वाटे पाडले तरी उरत काही नाही. चक्रावायला गणिती शिल्लक राहिले होते कुठे!

पंचांगाचं गुपित. गुणाकार बरोबर, अर्थ शून्य. महिन्याच्या तीस दिवसांत वार आधीच मोजून झालेत. पुन्हा सातने गुणून येतं ते ना दिवस, ना महिने. जुळतं का, तर 30 × 12 = 360, आणि 360 ला 1 ते 10 पैकी एकट्या 7 ने भाग जात नाही. तेवढा सात आठवड्याकडून उसना घेतला. शिवाय चांद्रवर्षात तिथी 360 असल्या तरी दिवस सुमारे 354 च भरतात. अधिक महिना उगाच येत नाही.

वाईट वाटतं ते रामानुजनचं. 1915 च्या त्यांच्या निबंधात 2520 आहे, पण वेगळ्याच कारणाने : तिला 48 भाजक आहेत, आणि तिच्याहून लहान कुठल्याही संख्येला इतके नाहीत. अशा संख्यांची यादी त्यांनी 6746328388800 पर्यंत नेली, म्हणजे पावणेसात लाख कोटींच्या आसपास, कॅल्क्युलेटर नसताना. त्या यादीत एकच संख्या निसटली : 293318625600. तिचे भाजक मोजले तर भरतात 5040. हा निव्वळ योगायोग आहे. कृपया फॉरवर्ड करू नये.