दहा सेकंद श्वास रोखून फुफ्फुसांची तपासणी होत नाही

फ्लूबद्दलचा एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं : फ्लू म्हणजे जरा जोराची सर्दी, आठवड्यात आपोआप जाते, दहा सेकंद न खोकता श्वास रोखता आला तर फुफ्फुसं ठणठणीत, दवाखान्याची गरज नाही, ताप उतरला की धोका टळला, आणि ताप चढलाच तर ॲस्पिरिन द्या, मुलांना अर्धी गोळी. माझ्या मावशीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘चला, काळजी मिटली.’ मावशीला दमा आहे. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. धडधाकट माणसाचा फ्लू बहुधा विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉल यांवर निभावतो. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडेही रेंगाळतात. पण ६५ च्या पुढची माणसं, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, दमा, मधुमेह, हृदय किंवा किडनीचे रुग्ण यांनी आठवडाभर वाट बघायची नसते. ओसेल्टामिविरसारखं विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. सातव्या दिवशी ती संधी गेलेली असते.

आता तो दहा सेकंदांचा प्रकार. २०२० मध्ये हाच दावा करोनाच्या नावाने फिरला होता, तेव्हाही तो खोटाच होता. श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. न्यूमोनियाच्या सुरुवातीला ऑक्सिजन घसरू लागतो, पण कार्बन डायऑक्साइड अनेकदा नेहमीइतका किंवा त्याहून कमीच असतो. म्हणजे ऑक्सिजन उतरलेला तरुण माणूस दहा सेकंद सहज काढेल आणि निर्धास्त झोपेल. उलट साध्या खोकल्याच्या माणसाला पाचव्या सेकंदाला ढास लागेल. आणि दहा महिन्यांच्या बाळाने श्वास कसा रोखायचा?

श्वास रोखू नका, मोजा. मूल शांत असताना किंवा झोपेत असताना अंगातला कपडा वर करा आणि छाती-पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त : जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात हा जलद श्वास. त्याच वेळी बरगड्यांखालचा भाग बघा. श्वास आत घेताना तिथे खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर आकडा कितीही असो, लगेच निघा. मोठ्या माणसाचा श्वास बसल्या जागी मिनिटाला ३० वर गेला किंवा एक वाक्य एका दमात पुरं होईना, तर तेही तातडीचंच.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र) असेल तर नेलपॉलिश काढा, बोट गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत हात हलवू नका. ९४ च्या खाली दाखवलं तर डॉक्टरांना गाठा, ९० च्या आसपास असेल तर थेट इमर्जन्सी. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. म्हणून आकडा चांगला असला तरी धाप लागत असेल तर धाप खरी धरा.

‘ताप उतरला की धोका टळला’ हे तर उलटंच आहे. सगळ्यांत दगाबाज वळण असं असतं : चार-पाच दिवसांनी बरं वाटतं, ताप जातो, आणि एक-दोन दिवसांत थंडी वाजून पुन्हा ताप, खोकला वाढलेला, छातीत एका बाजूला कळ. विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर खरवडलेलं असतं आणि त्यावर जीवाणूंचा न्यूमोनिया बसतो. १९१८ च्या साथीतल्या मृतांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले नमुने अमेरिकेतल्या संशोधकांनी पुन्हा तपासले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष हा की बहुतेक मृत्यूंमागे असा जीवाणूंचा न्यूमोनिया होता. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या धोक्याच्या लक्षणांच्या यादीतही ‘सुधारून पुन्हा बिघडणं’ आहे. त्याच यादीत गोंधळल्यासारखं बोलणं, जागं न होणं, झटके, छातीत सततचं दुखणं, लघवी न होणं (मुलांत आठ तास) आणि पाय इतके दुखणं की मूल चालायला नकार देतं, हेही आहे. तीन महिन्यांखालच्या बाळाला कुठलाही ताप आला तरी दाखवायचंच. आणि म्हाताऱ्या माणसांना कधीकधी तापच येत नाही, फक्त गोंधळ उडतो किंवा तोल जातो.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, ते मनाने सुरू करू नका.

ॲस्पिरिनचा सल्ला मात्र सरळ धोकादायक आहे. फ्लू झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्याने रे सिंड्रोम होऊ शकतो : मेंदूला सूज, यकृत निकामी. सुरुवात थांबता न थांबणाऱ्या उलट्यांनी आणि गुंगीने होते. १९८० च्या दशकात इशारे दिले गेल्यावर या केसेस झपाट्याने घटल्या. मुलांना पॅरासिटामॉल द्या, वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारच डोस. थेंब आणि सिरप यांची ताकद वेगळी असते, बाटलीवर वाचूनच मोजा. मोठ्यांनीही सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आधीच आहे का ते बघावं. हृदयासाठी डॉक्टरांनी रोजची ॲस्पिरिन लावली असेल तर ती मात्र मनाने बंद करू नका.